पाटीवर नसलेला प्रवासी

कोणाला जुनी नाणी जमविण्याचा छंद असतो, कोणाला पोस्टाच्या तिकिटांचा. माझ्या एका स्नेह्यांना रस्त्यांचा नाद आहे. कडेच्या दगडाचा माथा पिवळा आहे की हिरवा, म्हणजे रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे की राज्य महामार्ग, हे ते धावत्या गाडीतून सांगतात. पाटीवरील नावात एखादी मात्रा चुकली तरी त्यांच्या कपाळावर आठी उमटते. अशा माणसाबरोबर जळगावहून धुळ्यास जाण्याचा योग नुकताच आला. नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचे हे अंतर एस.टी.च्या खिडकीतून मी असंख्य वेळा पाहिले होते. ते वाचले मात्र या वेळी प्रथमच.

बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की डाव्या-उजव्या हातांस महाविद्यालये आणि विद्यापीठ लागते. पुढे पाळधी, एरंडोल, पारोळा आणि मग फागणे. एरंडोलजवळ चहासाठी थांबलो असता स्नेह्यांनी हॉटेलवाल्याला मुद्दामच विचारले, "भाऊ, त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग कोठे लागेल?" तो गोंधळला. "त्रेपन्न माहीत नाही भाऊ. हा सहा नंबर आहे." ज्या रस्त्याच्या कडेला त्याचा चहा उकळत होता, तोच त्रेपन्न! २०१० साली देशातील सर्व राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम क्रमांक, मुख्य मार्गाच्या शाखांना तीन आकडी क्रमांक, अशी ही नवी व्यवस्था आहे, आणि ती जुन्या व्यवस्थेहून निःसंशय शास्त्रशुद्ध आहे. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता '७५३ एफ' आहे, एवढ्यावरून तो ५३ ची शाखा असल्याचे जाणत्याला कळते. परंतु ज्यांच्या दारावरून हा रस्ता जातो त्यांना ही गोष्ट कोणी सांगितलीच नाही. तपाहून अधिक काळ लोटला, तरी दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर आणि लोकांच्या तोंडी 'सहा नंबर'च नांदतो आहे. धुळ्यात तर याहून मौज आहे. जुना तीन नंबरचा मुंबई-आग्रा मार्ग तेथे दुभंगला. इंदूरकडे जाणारा ५२ झाला, नाशिककडे जाणारा ६०. चाळीसगाववरून सोलापूरकडे जाणारा जुना २११ हाही आता ५२ च. तेव्हा धुळ्यात कोणी नुसता '५२ कोठे?' असे विचारले, तर त्याला इंदूरला पाठवावे की सोलापूरला, हा प्रश्नच आहे.

क्रमांक एक वेळ सोडून देऊ. नावांचे काय? वाटेत एका मोठ्या निळ्या-हिरव्या फलकावर 'जलगांव' असे ठसठशीत अक्षरांत लिहिलेले दिसले. स्नेह्यांनी गाडी थांबवून त्याची वहीत नोंद केली. 'ळ' हे अक्षर आमच्या खानदेशात आधीच दुर्दैवी. अहिराणी बोलणारा माणूस 'डोळा' न म्हणता 'डोया' म्हणतो, आणि त्यात त्याचे काहीच चुकत नाही. ती त्याच्या बोलीची चाल आहे. पण फलक रंगविणाऱ्याला कोणतीही बोली नसते. त्याच्यासमोर दूरच्या कार्यालयातून आलेला कागद असतो. शाळेत मुलाने 'जलगाव' लिहिले तर आपण गुण कापतो. तोच मुलगा शाळेतून परतताना हा फलक वाचतो. गावातल्या शाळेच्या फळ्यापेक्षा महामार्गावरील पाटी अधिक लोक वाचतात, हे ध्यानात घेतले तर ही तक्रार केवळ शुद्धलेखनाच्या हौसेपोटी केलेली नाही, हे पटेल.

आणि जेथे पाटी शुद्ध असते तेथे ती दिसेलच असे नाही. दादा, भाऊ, आबा अशा बिरुदांच्या पुढाऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे फलक पुढील वळणाची सूचना झाकून उभे असतात. (वाढदिवस उलटून महिना गेला तरी शुभेच्छा उतरत नाहीत.)

धुळ्यात शिरल्यावर स्नेह्यांची कळी खुलली. हे शहर रस्त्याचे अपत्य आहे. पेशवाई संपून १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज यांनी मुख्य ठाण्यासाठी धुळे निवडले. उत्तरेकडून येणारा आग्ऱ्याचा रस्ता येथूनच दक्षिणेस जातो, आणि दक्षिणेच्या वाटेवर लळिंगचा किल्ला शतकानुशतके पहारा करीत उभा आहे. ब्रिग्ज यांनी जुन्या गावाशेजारी सरळ, रुंद रस्त्यांची नवी वसाहत आखली. आजही तेथे गल्ल्यांना क्रमांक आहेत. गल्ली नंबर चार म्हटले की रिक्षावाला पुढे काही विचारीत नाही. एका रेषेत असलेल्या आणि अनुक्रमाने मोजलेल्या या गल्ल्यांत नवखा माणूस चुकत नाही. आग्रा रोड आज बाजाराचा रस्ता आहे. तेथे हातगाड्या आहेत, गर्दी आहे, बेशिस्तही भरपूर आहे. परंतु आग्ऱ्याला जाणारे ट्रक आता तेथे येत नाहीत, ते शहराबाहेरून जातात. नाव उरले, धोका गेला. आशियाई महामार्ग ४६ आणि ४७ ज्या नगरात एकमेकांना छेदतात, त्या नगराने आपला मध्यभाग तरी माणसांसाठी राखला, ही लहान गोष्ट नव्हे.

जळगावचे नेमके उलटे झाले. हे शहर वाढले ते आगगाडीमुळे आणि कापसामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात येथील कापसाला जो भाव आला त्यातून येथील पेठ उभी राहिली. धुळ्याला रेल्वे मिळाली ती १९०० साली, चाळीसगावहून आलेल्या फाट्याने. जळगाव मात्र मुख्य मार्गावरच होते. महामार्ग एके काळी गावाच्या कडेने जात होता. पुढे गाव त्या कडेपलीकडे पसरले, आणि कडेचा रस्ता शहराच्या पोटातून जाऊ लागला. खोटेनगर, शिव कॉलनी, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली या साऱ्या ठिकाणी सुरतेहून नागपूरला निघालेला अवजड मालट्रक आणि शिकवणीला निघालेली सायकलवरील मुलगी एकाच डांबरावर येतात. त्या रस्त्याने किती घरांतील कर्ती माणसे नेली, हे जळगावकरांना सांगावयास नको. दोन्ही बाजूंना समांतर रस्ते हवेत, एवढ्या साध्या मागणीसाठी येथील नागरिकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. काही चौकांत भुयारी मार्ग झाले. पाळधी ते तरसोद बाह्यवळणाची आखणी झाली. फागणे ते तरसोद या टप्प्याचे चौपदरीकरण किती रखडले, याचा इतिहास येथे उगाळत नाही.

येथे हटकून एक युक्तिवाद केला जातो. आपल्या लोकांना शिस्तच नाही, ते दुभाजक ओलांडतात, उलट्या दिशेने गाडी घालतात. रस्ता तरी काय करणार? स्नेह्यांचेही मत असेच होते. हेल्मेटवाचून भरधाव जाणाऱ्या तरुणांची बाजू मी घेणार नाही. पण ज्याचे घर रस्त्याच्या या बाजूला आणि दूधकेंद्र त्या बाजूला आहे, त्याला योग्य दिशेने जाऊन वळण घेण्यासाठी दूरवर पिटाळले, आणि ते वळण कोठे आहे हे सांगणारी पाटीही लावली नाही, तर तो रोज सकाळी नियमभंगच करणार. त्याला दंड करणे सोपे आहे. त्याच्यासाठी चार हात रुंदीची वाट ठेवणे खर्चाचे आहे. ज्या आराखड्यात रस्ता ओलांडणारा माणूस धरलेलाच नाही, तो आराखडा त्या माणसालाच बेशिस्त ठरवितो. फलकांचेही तसेच. त्यांवर सुरत असते, नागपूर असते. रुग्णालय कोणत्या फाट्यावर, शाळा कोणत्या वळणावर, पायी ओलांडण्याची जागा कोठे, हे क्वचितच असते.

यासाठी कोट्यवधी रुपयांची नवी योजना लागतेच असे नाही. नव्या क्रमांकाखाली काही वर्षे जुना क्रमांक कंसात लिहिता येईल. फलक रंगविण्यापूर्वी गावांची नावे त्या त्या तालुक्यातील एखाद्या शिक्षकाकडून तपासून घेता येतील; तो आनंदाने, फुकट तपासून देईल. शुभेच्छांचे फलक उतरविण्यास तर केवळ शिडी आणि धैर्य लागते. समांतर रस्त्याला मात्र पैसा लागतो, आणि तो द्यावा लागेल. बाह्यवळणाने ट्रक बाहेर जातील, तरी शहरातील रस्ता शहराचाच राहणार आहे. त्याचे पदपथ, त्याचे दिवे, त्याची ओलांडणी यांचा वाली कोण, हा प्रश्न महामार्ग बाहेर गेल्यावर अधिकच बिकट होण्याचा संभव आहे. ज्या खात्याने रस्ता सोडला ते म्हणेल तो आता आमचा नाही, आणि ज्यांच्या गळ्यात तो पडला ते म्हणतील आमच्याकडे निधी नाही.

परतताना दिवेलागण झाली होती. शिव कॉलनीजवळ स्नेह्यांना पलीकडच्या दुकानातून औषध घ्यावयाचे होते. आम्ही गाडी कडेला लावून उभे राहिलो. आमच्या शेजारी नातवाचे बोट धरलेल्या एक आजी होत्या. "आता नका जाऊ बाबा, ही रांग जाऊ द्या," असे त्या आम्हाला दोनदा म्हणाल्या. नागपूर अजून चारशेहून अधिक किलोमीटर होते. आम्हाला पलीकडे जाण्यास नऊ मिनिटे लागली. स्नेह्यांनी घड्याळ पाहून तेही वहीत लिहून ठेवले.