मळीची राख आणि अर्धापूरची केळी

परवा लातूरहून मामांचा फोन आला. खुशालीचं बोलून झाल्यावर म्हणाले, "का गं, तू केमिस्ट्री शिकवतेस ना, मग सांग, कारखान्याची राख उसाला टाकावी का?" प्रश्न साधा, पण मला पटकन उत्तर देता आलं नाही. चार दिवस तेच डोक्यात घोळतंय. म्हटलं, लिहून काढावं.

आमच्या भावंडांना मामांची ती विहीर आठवत असेल. सुट्टीत आपण तिथे पोहायला जायचो. पुढे जवळच्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीचं मळीचं पाणी ओढ्याला सुटायला लागलं आणि दोन-तीन वर्षांत विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. वास तर विचारूच नका. मामांनी अर्ज केले, चकरा मारल्या, शेवटी दुसरीकडे बोअर घेतला. 'मळी' हा शब्द आमच्या घरात शिवीसारखाच झाला होता.

आता गंमत बघा. २०२३ च्या जूनमध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने देशासाठी अत्यावश्यक अशा ३० खनिजांची यादी जाहीर केली. लिथियम, कोबाल्ट, निकेल... ही नावं पेपरात सगळ्यांनी वाचली. त्याच यादीत पोटॅशही आहे, हे मात्र फारसं कुणी बोललं नाही. बॅटरीपुढे खताच्या पोत्याला कोण विचारतो! पण आपण जवळजवळ सगळं पोटॅश बाहेरून आणतो. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्राएल. २०२२ मध्ये तिकडे युद्ध पेटलं आणि इकडे पन्नास किलोचं पोतं सतराशे रुपयांवर गेलं. अर्धापूरच्या केळीवाल्यांना विचारा. केळीला पालाश भरपूर लागतं.

आणि हेच पालाश त्या मळीच्या पाण्यात असतं. ऊस ते जमिनीतून उचलतो. साखरेत ते जात नाही, मळीत राहतं. मळीपासून अल्कोहोल काढलं की उरलेल्या पाण्यात येतं. एका लिटर अल्कोहोलमागे असं आठ ते पंधरा लिटर पाणी निघतं. नियमाने ते आता बाहेर सोडता येत नाही, म्हणून बऱ्याच डिस्टिलऱ्या ते आटवून घट्ट करतात आणि खास बॉयलरमध्ये जाळतात. मागे उरते ती ही राख. खत म्हणून विकायची तर तिच्यात किमान १४.५ टक्के पालाश लागतं. काही कारखाने ती विकतातही. म्हणजे मामांच्या रानातून गेलेलं पोटॅश कारखान्याच्या आवारात राख होऊन पडतं, आणि मामा परदेशातून आलेलं पोतं विकत आणतात!

जरा हिशोब मांडू. बाजारातल्या पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणजे पोत्यात ३० किलो. तेवढ्यासाठी राखेची साधारण चार पोती लागतात. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कारखाने आणि खत कंपन्यांमध्ये ठरलेला भाव जाहीर केला, टनाला ४,२६३ रुपये. चार पोत्यांचे झाले साडेआठशे. भाव बदलतात, ते सोडा. पण चारपट वजन लांब न्यायचं तर फायदा सगळा ट्रकच्या भाड्यात जाणार. लातूरची राख लातूरच्या उसाला नाहीतर नांदेड-अर्धापूरच्या केळीलाच परवडणार. माल इथला, गिऱ्हाईक इथलं, म्हणून त्यावरचं संशोधनही इथलंच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मामांना "टाका" असं का नाही म्हटलं? कारण ही राख एकसारखी नसते. बॉयलरला कोळसा जास्त घातला की पालाशाचं प्रमाण घटतं. ती ओल धरते, गोळे होतात, कोरडी असली तर वाऱ्यावर उडते. म्हणून दाणेदार करावी लागते. तिच्यात नको ते धातू आहेत का, तेही पाहायला हवं. शिवाय आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुळात बरं असतं. कुठे कमी पडलंय हे माती तपासल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं एम.एस्सी.च्या मुलांना जमण्यासारखं आहे. मागे माझ्या एका विद्यार्थ्याने, ऊसवाल्याच्याच मुलाने, हा विषय घेतला होता. राखेचा नमुना मागायला एका कारखान्यात तीनदा गेला. "साहेब नाहीत", "अर्ज द्या", "कशाला पाहिजे?" शेवटी त्याने विषय बदलला. पोरगं प्रदूषणाचा रिपोर्ट काढेल अशी त्यांना भीती वाटली असावी. आणि खरं सांगायचं तर चूक माझीही आहे. मी एक पत्र देऊन मोकळी झाले, त्याच्यासोबत गेले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने १६,३०० कोटींचं खनिज मिशन मंजूर केलं. त्यात आयआयटी मुंबईसारख्या संस्था केंद्रस्थानी आणि उद्योग त्यांच्या जोडीला, अशी रचना आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना आली. ती मुख्यतः ई-कचरा आणि जुन्या लिथियम बॅटऱ्यांसाठी. चांगलंच आहे. पण राखेच्या ढिगासाठी दिल्लीची वाट कशाला बघायची? १९७५ मध्ये सहकारी साखर कारखान्यांनीच पुण्याजवळ मांजरीला स्वतःची संशोधन संस्था उभी केली, आज ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं 'नांदेड ४४' वाण एकेकाळी शेतोशेती होतं. म्हणजे आपल्याला हे येत नाही असं नाही.

नांदेडला १९९४ पासून विद्यापीठ आहे, लातूरला त्याचा उपपरिसर आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. डिस्टिलरी असलेल्या कारखान्यांनी दर महिन्याला राखेचा नमुना द्यावा, मुलांनी तपासावा आणि निकाल गेटवर लावावा. राख नापास झाली तर तेही लावावं. त्याशिवाय शेतकरी विश्वास कसा ठेवणार? विहीर गमावलेला माणूस कारखान्याच्या शब्दावर राख रानात नाही टाकत.

काल मामांना उलटा फोन केला. म्हटलं, "रविवारी येते. राखेची एक पिशवी मिळवा, रानातली माती काढून ठेवा, दोन्ही तपासू." मामा जरा थांबले. मग म्हणाले, "आणि विहिरीचं पाणी?"

तेही आणणार आहे.

असो. तुमच्याकडे कुणी ही राख वापरली असेल, तर अनुभव जरूर कळवा. चांगला असो, वाईट असो.