काठी मोफत मिळाली, ती वापरायला कोण शिकवणार?

राष्ट्रीय वयोश्री योजनेत ६० वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना काठी, कुबड्या, वॉकर, तीन किंवा चार पायांची काठी, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा आणि कवळी मोफत मिळते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेली ही योजना दारिद्र्यरेषेखालील किंवा महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी आहे. शिबिरात तपासणी करून साहित्य देण्याचे काम कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी करते.

साहित्य घरी पोहोचते, पण ते वापरण्याची सवय घरीच लागावी लागते. शिबिरात गर्दी असते आणि एकेकाला मिळणारा वेळ थोडा असतो. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या बँक खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात आणि वस्तू लाभार्थ्याने स्वतः घ्यायची असते. तिथे तर उंचीचे माप घेणारा माणूस भेटेलच असे नाही. चुकीच्या उंचीची किंवा चुकीच्या हातात धरलेली काठी आधार देण्याऐवजी तोल घालवू शकते. साठीनंतर पडून खुब्याचे हाड मोडले, तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळू शकतो.

मोबाइल कुठे उपयोगी पडतो?

जागतिक आरोग्य संघटना सहाय्यक साधनांच्या सेवेचे चार टप्पे मानते: योग्य साधन निवडणे, मापाप्रमाणे बसवणे, वापर शिकवणे आणि नंतर पाठपुरावा करणे. आपल्याकडील योजनांचा भर पहिल्या दोन टप्प्यांवर आहे. उरलेल्या दोन टप्प्यांत स्मार्टफोनचे ॲप किंवा छोटा व्हिडिओ मदत करू शकतो. तोच धडा दहा वेळा पाहता येतो, आपल्या भाषेत ऐकता येतो, सून किंवा नातूही तो शिकू शकतो. इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला राहणाऱ्या मराठी आजींना शिबिरातील सूचना स्थानिक भाषेत मिळाल्या, तरी घरी त्या मराठीत समजून घेता येतात.

चांगल्या ॲपने निदान एवढे तरी शिकवले पाहिजे:

- उंची: रोजची चप्पल घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे.
- हात: उजवा पाय दुखत असेल तर काठी डाव्या हातात. काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे टाका, मग चांगला पाय.
- जिना: चढताना आधी चांगला पाय. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. कठडा असेल तर एका हाताने तो धराच.
- वॉकर: चारही पाय जमिनीवर टेकल्यावरच पाऊल टाका. खुर्चीतून उठताना वॉकर ओढू नका, खुर्चीच्या हातांवर जोर द्या. वॉकर घेऊन जिना चढू नका.
- कुबड्या: भार तळहातांवर घ्या, काखेवर नाही. काख आणि कुबडीत दोन-तीन बोटांचे अंतर ठेवा.
- रबर: काठीच्या टोकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले की लगेच बदला. ओल्या मोरीत ते घसरते.

तुमच्या ॲपमध्ये याउलट सांगितले असेल, तर ते ॲप बाजूला ठेवा.

मोबाइल कुठे अपुरा पडतो?

ॲप तुमचा तोल सावरू शकत नाही. चक्कर येणे, पायाला मुंग्या येणे किंवा अलीकडेच झालेली शस्त्रक्रिया यांचा विचार डॉक्टरच करू शकतात. म्हणून माप आणि पहिली काही पावले फिजिओथेरपिस्टसमोरच व्हावीत. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची तरतूद आहे, तिथे चौकशी करा. नंतरच्या शंकांसाठी ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलता येते.

आणखी एक अडचण अशी की, ज्यांना काठी लागते त्यांच्यापैकी अनेकांकडे स्मार्टफोन नसतो किंवा त्यावरची अक्षरे त्यांना दिसत नाहीत. त्यामुळे केवळ ॲप तयार करून सरकारची जबाबदारी संपत नाही. शालेय पुस्तकांवर क्यूआर कोड असतो, तसा प्रत्येक काठीवर लावला आणि आशाताईंनी घरी येऊन तो व्हिडिओ एकदा दाखवला, तर थोड्या खर्चात तिसरा टप्पा पूर्ण होऊ शकेल.

तुम्ही काय कराल?

१. घरातील काठीची उंची आणि रबर आजच तपासा.
२. सराव करताना मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या. चालताना स्क्रीनकडे पाहू नका.
३. तुमच्या चालण्याचा छोटा व्हिडिओ काढून घ्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.
४. राष्ट्रीय वयोश्री योजनेतील साहित्याची एक वर्ष मोफत देखभाल अलिम्कोकडून होते. मिळालेली कागदपत्रे जपून ठेवा.
५. योजनेची माहिती हवी असल्यास ज्येष्ठांच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.

शिबिरात साहित्य घेताना एक प्रश्न नक्की विचारा: "ही काठी कशी धरायची, ते मला चालून दाखवाल का?" वस्तूबरोबर तिचा वापर शिकून घेणे हाही तुमचा हक्कच आहे.