अर्धवट बॅकअप आणि भरलेले गोदाम

सणाच्या तोंडावर कापड दुकानाचे गोदाम भरलेले असते. त्यात भिजलेल्या मालाचा एखादा गठ्ठा पडून राहिला तर नव्या मालाला जागा उरत नाही. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पोटातही असाच भिजलेला माल साठतो, तो मात्र डोळ्यांना दिसत नाही.

माझ्या गडचांदूरच्या दुकानात हेच घडले. रोज रात्री हिशेबाचा बॅकअप आपोआप निघत असे. एका रात्री वीज गेली आणि काम अर्ध्यावर थांबले. पुढे जागा अपुरी पडू लागली, म्हणून नंतरचे प्रयत्नही फसले. प्रत्येक वेळी अर्धवट फाइल मागे राहिली. शेवटी एके दिवशी बिलच निघेना. गिऱ्हाईक समोर उभे, आणि पडद्यावर जागा नसल्याची सूचना! हिशेब पाहणारा मुलगा म्हणाला, "चाचा, जुने बॅकअप सगळे उडवून टाकू का?" मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात सुचले म्हणून विचारले, "यातला शेवटचा पुरा कोणता?" त्याला सांगता आले नाही. मलाही नाही.

आमच्या भागात कापूस विकला की उधारी चुकती होते. ती नोंद म्हणजे गिऱ्हाइकाची आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती गेली तर आपण पैशाला मुकतो आणि गिऱ्हाईक भरवशाला. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. कॉम्प्युटर बिघडला ही सबब तेथे चालत नाही.

साफसफाईत मोठमोठ्यांचे हात पोळले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात बॅकअपच्या प्रोग्रॅममधील जुन्या लॉग फाइली पुसण्याची आज्ञा चुकली आणि सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली नष्ट झाल्या. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप निघतच नव्हता आणि कोणाला त्याची खबर नव्हती! योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली, म्हणून निभावले.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, क्रम चुकवू नका. आधी आपोआप चालणारा बॅकअप थांबवा. मग रिकाम्या बाहेरच्या डिस्कवर नवा पुरा बॅकअप घ्या. पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीचा असेल तर त्यात जागा असूनही ४ जीबीची एक फाइल मावत नाही. पुष्कळदा काम फसते ते यामुळेच. तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटचा बिल नंबर, रोकड शिल्लक आणि दोन-चार उधारी खाती ताडून पाहा. हे जुळल्यावरच अर्धवट फाइलींना हात लावा. त्याही बॅकअपच्या प्रोग्रॅममधूनच काढा. काही प्रोग्रॅम रोज फक्त बदललेला भाग साठवतात. त्यांतली पहिली कडी तुटली की पुढची सगळी साखळी निकामी होते. शेवटी रिसायकल बिन रिकामी करा, नाहीतर पुसलेल्या फाइलीही जागा अडवून बसतात.

कोणी म्हणेल, हे सारे त्या मुलाचे काम आहे. माझे मत वेगळे आहे. गल्ल्याची किल्ली आपण नोकराकडे टाकून घरी जात नाही. मग हिशेबाची किल्ली का टाकावी? इंटरनेटवर प्रत ठेवणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण तेथली जागाही भरते आणि प्रत जाणे थांबते. महिन्यातून एकदा मालकाने स्वतः बसून एक बॅकअप उघडून पाहावा. अर्धा तास लागेल. जो बॅकअप उघडून पाहिलेला नाही, तो न मोजलेल्या ताग्यासारखा आहे. किती मीटर निघेल ते कापायला घेतल्यावरच कळते, आणि तेव्हा गिऱ्हाईक समोर उभे असते.