हप्त्यावरची मौज आणि बापाची सही



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एक नवीकोरी फोर-बाय-फोर जीप उभी होती. उंच चाके, टपावर दिवे, पुढे झेंडूचा हार. फादरांनी पवित्र पाणी शिंपडले. आपण पेढे खाल्ले, फोटो काढले, जांबोटीच्या चिखलातून आणि चोर्ला घाटातून ती कशी धावेल याच्या गप्पा मारल्या. पैसे कुठून आले, हे कोणीच विचारले नाही.

आज ती जीप घरामागे ताडपत्रीखाली आहे. मुलाचा पगार हप्त्याला पुरत नाही, म्हणून निवृत्त वडील रात्रपाळीला वॉचमन म्हणून जातात. मुलगा मिस्सेला उशिरा येतो आणि शेवटच्या गीताआधी निघून जातो.

म्हणून आम्ही स्पष्टच लिहितो: मौजेच्या गाडीसाठी कर्ज काढू नये, आणि कोणी काढले तर मंडळीने टाळ्या वाजवू नयेत.

"घरासाठी, शेतीसाठी कर्ज चालते, मग हौसेसाठी का नको?" असे आम्हाला विचारतात. ट्रॅक्टर आपला हप्ता शेतात कमावतो. घर डोक्यावर छप्पर देते. चिखल उडवायला घेतलेली जीप काही कमावत नाही. डिझेल आणि टायर मात्र मागते. ओढ्यात घालून इंजिनात पाणी शिरले, तर साधा विमा ते नुकसान सहसा भरून देत नाही. इंजिनाच्या संरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात.

"हप्ता परवडतो," असेही म्हणतात. हिशेब करू या. १२ लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज. पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे २५,५०० रुपये आणि एकूण व्याज ३ लाख ३० हजार. हा हप्ता जड वाटतो, म्हणून विक्रेता सात वर्षे सुचवतो. हप्ता १९,९०० वर येतो, पण व्याज ४ लाख ७३ हजार होते. तोवर गाडीची किंमत दरवर्षी उतरत असते. म्हणजे परवडतो तो हप्ता, गाडी नव्हे.

आणि जामीन? १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. बापाने मायेपोटी सही केली. बँकेच्या लेखी तोही देणेकरी झाला. नीतिसूत्रांचा सहावा अध्याय जामीन राहिलेल्याला झोपही न घेता आपली सुटका करून घ्यायला सांगतो. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा, असे प्रभू येशूने लूकच्या चौदाव्या अध्यायात शिकवले. हे धडे आपण मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो आणि आवारात येऊन पेढा खातो.

देवाची सृष्टी पाहण्याची ओढ वाईट नाही. पण चोर्ला घाट बसच्या खिडकीतूनही दिसतो. चार मित्रांनी वर्गणी काढून एक दिवस जीप भाड्याने घ्यावी. आपला प्रभू यरुशलेमेत शिरला तो मागून आणलेल्या शिंगरावर, आणि तेही लगेच परत पाठवण्याच्या बोलीवर. त्याने त्याचा मान कमी झाला नाही.

त्या तरुणाला आम्ही दोष देत नाही. त्याला हार घालणारे आपणच होतो. आता त्याच्या घरी जाऊन बसणे हे आपले काम आहे. गाडी विकायची असेल तर उरलेले कर्ज फेडून बँकेचा ना हरकत दाखला घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्यापैकी बँकेत काम केलेल्यांनी त्याच्यासोबत जावे. विकून थोडी रक्कम कमी पडली, तर मंडळीने बिनव्याजी हातभार लावावा.

आणि पुढच्या वेळी आवारात नवी जीप उभी राहिली, तर पेढा हातात घेण्याआधी हळूच विचारू या: बाळा, जामीन कोण आहे?

प्रभू आपणां सर्वांना सुबुद्धी देवो. आमेन.