सत्तर बाय चाळीस

शनिवारची रात्र, मल्टिप्लेक्स, इंटरव्हल. एका हातात पॉपकॉर्न, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर पेठहून मामी. "अगं, यांना लई हुडहुडी भरलीय. पाय पण सुजलाय."

पेठ म्हणजे नाशिक हायवेवरचं, आंबेगाव तालुक्यातलं, सातगाव पठारावरच्या बटाट्याचं गाव. चार दिवसांपूर्वी शेतात मामाच्या पायात काहीतरी घुसलं होतं. त्यात डायबेटिस. आणि मास कॉमला हेल्थ रिपोर्टिंगचा पेपर दिलेली मी काय म्हणाले? "तापाची गोळी दे, सकाळी बघू." मग आत जाऊन उरलेला पिक्चर बघितला, बॉस.

सकाळी मामा बरळत होता. धाप लागलेली, रात्रीपासून लघवी नाही. मामेभावाने गाडी काढून मंचर गाठलं. कॅज्युअल्टीत बीपी निघालं सत्तर बाय चाळीस.

याला सेप्टिक शॉक म्हणतात. इन्फेक्शनशी लढता लढता शरीराचंच गणित बिघडतं. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यातून पाणी झिरपायला लागतं आणि मेंदू-किडनीपर्यंत रक्त ढकलायला प्रेशरच उरत नाही. मामेभावाला मी ते ड्रिपच्या भाषेत सांगितलं : पाइपच ढिला पडला, तर शेवटच्या सरीला पाणी पोचेल का? सलाइन म्हणजे टाकीत पाणी ओतणं. पाइप आवळायचं काम व्हॅसोप्रेसरचं, बहुतेक वेळा नॉरअ‍ॅड्रिनलिनचं. सरासरी प्रेशर किमान ६५ हवं. मामाचं होतं ५०.

पण हे औषध सुरू कधी करायचं? जुना फंडा असा, की आधी सलाइन, मग आणखी सलाइन, मग मानेच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन आणि मग औषध. कारण हाताच्या शिरेतून ते बाहेर झिरपलं तर तिथली कातडी जळू शकते. भीती खरीच आहे. पण सेंट्रल लाइन टाकणारा माणूस रविवारी सकाळी आणायचा कुठून? २०२१ च्या 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन'च्या गाइडलाइन्स म्हणतात, त्यासाठी थांबू नका. कोपराजवळच्या किंवा त्याच्या वरच्या चांगल्या शिरेतून थोड्या वेळापुरतं सुरू करा. शॉकमध्ये अँटिबायोटिकही शक्यतो तासाभरात.

आता लगेच 'आधी औषध म्हणजे जीव वाचला' असं समजू नका हं. २०१९ मध्ये बँकॉकच्या ३१० पेशंटवरच्या अभ्यासात नॉरअ‍ॅड्रिनलिन लवकर दिलेल्यांपैकी ७६ टक्क्यांचा शॉक सहा तासांत आटोक्यात आला, बाकीच्यांपैकी ४८ टक्क्यांचा. मृत्यूंमधला फरक मात्र ठोस ठरला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १,५६३ पेशंटच्या अभ्यासात सलाइन कमी ठेवून व्हॅसोप्रेसर लवकर दिलं काय किंवा आधी भरपूर सलाइन दिलं काय, ९० दिवसांतले मृत्यू जवळपास सारखेच : १४ आणि १४.९ टक्के. म्हणजे डॉक्टरांचं भांडण अजून मिटलेलं नाही. पण दोन्हीकडचे पेशंट वेळेत दवाखान्यात पोचलेले होते. मी वाया घालवलेली रात्र कुठल्याच अभ्यासात बसत नाही.

मंचरला ड्युटीवर माझ्याच वयाची एक डॉक्टर होती. सलाइन चालू असतानाच तिने कोपराजवळच्या शिरेत नॉरअ‍ॅड्रिनलिन लावलं, अँटिबायोटिक दिलं आणि नर्सला हाताकडे बघत बसायला सांगितलं. मग अ‍ॅम्ब्युलन्स, सोबत डॉक्टर, पुण्याचं आयसीयू. वाटेत चाकणचा ट्रॅफिक. तिथे सगळे हॉर्न वाजवतात आणि कोणीच हलत नाही. मामेभाऊ म्हणाला, त्या वीस मिनिटांत तो फक्त पंपावरचा हिरवा दिवा बघत होता.

अकरा दिवसांनी मामा घरी गेला, पायाची दोन बोटं गमावून. परवा भेटायला गेले तर पलंगावर बसून बटाट्याच्या भावाचं रडगाणं चालू होतं. मामीने चहा आणला. मी शनिवारचं सगळं कबूल करून टाकलं, पॉपकॉर्नसकट.

मामाने बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "मग? पुढं काय झालं त्या पिक्चरात?"

मला खरंच आठवत नव्हतं.