पैसेवारीत न मावणारा कडबा

अहिल्यानगर जिल्ह्यात पाऊस किती झाला, हा प्रश्न सरासरीच्या भाषेत विचारणे बहुधा निरर्थक ठरते. सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर-रतनवाडीला आभाळ फाटावे आणि त्याच वेळी कर्जत, जामखेड, पारनेरने कोरड्या ढगांकडे पाहत राहावे, ही या जिल्ह्याची नेहमीची रीत आहे. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले. परंतु पूर्वेकडील व दक्षिणेकडील जिरायत टापूचा संसार अद्याप परतीच्या पावसावरच चालतो.

उत्तरा-हस्ताच्या पावसाने काळ्या रानात जी ओल मुरते, तिच्यावर रब्बी ज्वारी थंडीभर तग धरते. तिचे दाणे माणसांचे, कडबा जनावरांचा. पाऊस हुकला की दोन्ही बुडतात. अति झाला तरी सुटका नाहीच. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी-शेवगावकडे अतिवृष्टीने खरिपाची उभी पिके नेली, माती खरवडली. अशा रानात वाफसा येईपर्यंत ज्वारीच्या पेरणीची वेळ निघून जाते.

त्यातच शेतकरी ज्वारीकडून कांदा, कपाशी, सोयाबीनकडे वळला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. भाव आणि काढणीची मजुरी यांचा हिशेब त्याला कळतो. मात्र पऱ्हाट्या चुलीत जातात, कांद्याच्या पातीवर गोठा चालत नाही. संकरित गाईंमुळे वैरणीची मागणी वाढली आणि कडब्याचे क्षेत्र मात्र आटले. गायरानांवर आणि डोंगरउतारांवर पावसाळ्यानंतर जे गवत उरते, त्यावर शेळ्यामेंढ्यांचे कसेबसे भागते. दुभत्या गाईचे नव्हे.

पैसेवारी ठरते ती पिकाच्या उताऱ्यावर. वैरणीचा तोटा तीत वेगळा उमटत नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि तेथे जनावरांपुढे पडला तो बव्हंशी ऊसच! जिरायत भागातील गुरे जगवण्याचा भार असा सर्वांत तहानलेल्या पिकावर येऊन पडतो. शिवाय छावणी उघडेपर्यंत कित्येक दावणी काष्टी-घोडेगावच्या बाजारात रिकाम्या झालेल्या असतात, तेही पडत्या भावाने.

सुगीच्या दिवसांत, माघ-फाल्गुनात, कडबा त्यातल्या त्यात स्वस्त असतो. दूध संघांनी व शासनाने तेव्हाच तो खरेदी करून तालुक्यागणिक साठवावा आणि कडब्याचे क्षेत्र व उतारा पीकपाहणीत स्वतंत्रपणे नोंदवावा. छावण्यांवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ही तजवीज महाग पडण्याचे कारण नाही.