टप काढून धारणीपर्यंत

दोन दारं, कापडी टप, मागच्या चाकांना ताकद आणि हजार किलोच्या आत वजन. जगात कुठेही गाड्यांवर जीव असलेल्या माणसाला विचारा, त्याच्या मनातली उघडी स्पोर्ट्स कार साधारण अशीच असते. माझ्याही मनात ती कित्येक वर्षं होती. पण मेळघाटातून जाणाऱ्या परतवाडा-धारणी रस्त्यावर जमिनीला पोट टेकवणारी गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही. म्हणून मी शोधत होते ती मारुती जिप्सी, कापडी टपाची. अखेर ती मिळाली. २००९ सालची, अकोल्याकडच्या एका शेतकऱ्यानं जपून वापरलेली. पंधरा वर्षं झाल्यावरची पुनर्नोंदणी त्यानंच करून ठेवली होती.

जिप्सीला स्पोर्ट्स कार म्हणायचं का? मी तरी म्हणेन. माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनांची उघडी गाडी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात आली आणि पुढे तिचा खप दहा लाखांवर गेला. तिच्यात अफाट ताकद कधीच नव्हती. ती हलकी होती आणि चालवणाऱ्याच्या हाताला लगेच उत्तर द्यायची, हे तिचं बळ. त्या पहिल्या पिढीचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, आपल्या कापडी टपाच्या जिप्सीचं ९८५. फॉर बाय फोरचा दांडा ओढला नाही तर जिप्सीही मागच्याच चाकांवर पळते. आणि शर्यतींचंच म्हणाल, तर रेड द हिमालयसारख्या रॅलीत बर्फातून, दगडधोंड्यांतून जिप्स्या वर्षानुवर्षं धावल्या. उंची आणि टायर वेगळे, स्वभाव तोच.

आपल्याकडे जिप्सी आली १९८५च्या डिसेंबरमध्ये, ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर घेऊन. १९९६ला १३०० सीसीची जिप्सी किंग आली, नंतर सोळा व्हॉल्व्हचं ८० अश्वशक्तीचं इंजिन. माझ्या गाडीत तेच आहे. २०१९मध्ये सर्वसामान्यांसाठी ती बंद झाली, कारण सुरक्षिततेच्या नव्या नियमांत ती बसत नव्हती. हे मी खरेदीच्या आधी स्वतःला नीट सांगून घेतलं. एअरबॅग नाही, एबीएस नाही. अशी गाडी घेणाऱ्यानं आपला वेग आपणच ठरवायचा असतो.

परतवाड्याच्या मिस्त्रींनी गाडी खालून-वरून तपासली. चेसीवर हातोडी वाजवत गंज कुठे आहे ते आवाजावरून ऐकलं, पुढच्या चाकांचे हब हातानं फिरवून लॉक होतात का ते पाहिलं, पाटे मोजले. मग म्हणाले, "ताई, टायरमंदी हवा जास्त नोका भरू. रिकामी जिप्सी उडते. मांगं दोन मानसं बसली का मंग पाहा, कशी चालते ते." आणि निघताना पुन्हा, "घाटात ब्रेकवर नोका उतरवू तिले. गिअरवर उतरवा."

टप काढायला वेळ लागतो. बटण दाबलं आणि छत मागे गेलं, असलं इथे काही नाही. पट्टे सोडायचे, मागचं कापड गुंडाळायचं, मग वरचं, मग पाइप काढून ठेवायचे. हाताला कॅनव्हासचा आणि जुन्या मेणाचा वास लागतो. मला हे काम फार आवडलं. गाडीशी खरी ओळख त्यातच झाली. कुठला पट्टा झिजलाय, कुठल्या शिवणीतून पाणी येणार, हे चालवायच्या आधीच कळलं.

दिवस होळीनंतरचे होते. वऱ्हाडात तेव्हा दहानंतर उघड्या गाडीत बसवत नाही, म्हणून परतवाड्याहून उजाडताच निघाले. स्टेअरिंगला पॉवर नाही. उभ्या गाडीत ते वळवायला खांदे लागतात आणि चाकं हलली की लगेच हलकं होतं. मधोमध थोडी ढिलाई आहे, त्यामुळे सरळ रस्त्यावरही हात किंचित हलते ठेवावे लागतात. पुढे-मागे दोन्हीकडे एकसंध धुरा असल्यानं एक चाक खड्ड्यात गेलं की त्याची बातमी दुसऱ्या चाकाला आणि माझ्या मनगटांना एकदमच पोचते. पहिल्या काही किलोमीटरमध्ये मी तिच्याशी झगडत होते. मग पकड सैल केली, तिला हातभर जागा दिली आणि ती नीट चालू लागली.

घटांगकडे घाट सुरू झाला तेव्हा इंजिन उमगलं. ते खालच्या फेऱ्यांत ओढणारं नाही, त्याची खरी ताकद वर आहे. तिसऱ्या गिअरात रेटत ठेवलं तर कण्हतं. दुसऱ्यात टाकून मोकळं सोडलं की मग सूर लागतो, आणि वर छत नसल्यानं तो सूर दरडीवर आपटून दुप्पट होऊन परत येतो. वेग किती होता? चाळीसच्या आसपास. बंद गाडीत चाळीसला माणूस कंटाळतो. इथे प्रत्येक वळण अंगावर येत होतं आणि मला याहून एक किलोमीटरही जास्त नको होता.

उघड्या गाडीबद्दल मला ठाऊक नव्हतं ते एक इथे कळलं. धूळ समोरून येत नाही, मागून येते. समोरच्या काचेवरून हवा उसळून जाते, काचेमागे दाब कमी होतो आणि गाडीच्या मागची धूळभरली हवा ती पोकळी भरायला आत शिरते. म्हणून डोळे कोरडे राहतात आणि मान मातीनं भरते. काळीपिवळीच्या मागच्या फळीवर बसणाऱ्या बाया तोंडाला दुपट्टा गच्च का बांधतात, ते त्या धुळीत बसल्याशिवाय कळायचं नाही.

आणि वास. या रस्त्यानं मी इतकी वर्षं एसटीतून, बंद गाडीतून गेले, पण मार्चमधला मेळघाट मला आजवर अर्धाच मिळाला होता. साग निष्पर्ण झालेला, खाली पानांचा खच. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ती उचलायला कोरकू घरांतली लहानमोठी सगळी माणसं दिवस उगवायच्या आत झाडाखाली असतात. तो गोड, जड, किंचित आंबूस वास रस्त्यावर ठिकठिकाणी थांबून होता. झाड दिसायच्या आधी वास यायचा, मग टोपल्या दिसायच्या, मग माणसं. हवेचंही तसंच. उतारावरून नाल्यात गाडी उतरली की गारवा पायापासून वर चढायचा. रात्रीची थंड हवा जड होऊन खोलगट जागी साचलेली असते. समोरच्या चढावर पुन्हा ऊब. सेमाडोहजवळ सिपना नदी आली ती डोळ्यांच्या आधी कातडीला कळली.

१९७३-७४मध्ये व्याघ्र प्रकल्पाची योजना सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. त्या हद्दीतून जाताना हॉर्न नाही, गाणी नाहीत, मध्येच थांबून उतरणं नाही, हे सगळ्यांनाच लागू. पण काचा लावून गेलं की जंगल बाहेर आहे असं वाटतं आणि माणसं आतल्या आत मोठ्यानं बोलत राहतात. टप नसला की आपला आवाज आपल्यालाच टोचतो. मी कोलकासपर्यंत इंजिनही वरच्या गिअरात शांत ठेवलं. एका वळणावर सांबराची मादी रस्त्याकडेला उभी होती. तिच्या आणि माझ्यामध्ये काच नव्हती, म्हणून मी पाय उचलला तो नियमासाठी नव्हे.

हरिसालच्या अलीकडे पोरांनी रस्त्यावर दोरी धरली होती. होळीनंतरचा फगवा. बंद गाडीवाले काच बोटभर खाली करून नोट सरकवतात आणि निघून जातात. उघड्या गाडीत तसं करताच येत नाही. पोरं चहूबाजूंनी आली, एकानं ढोलकी बॉनेटवरच ठेवली, एक मुलगी मागे चढून बसली आणि गाणं पूर्ण झाल्याशिवाय दोरी काही खाली आली नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही. मला त्या गाण्यातलं एकही वाक्य लागलं नाही. तरी मी शेवटपर्यंत ऐकलं आणि खिशात होते ते दिले.

पुढे एक म्हातारी हात न दाखवताच रस्त्याकडेला उभी होती. मी गाडी हळू केली तशी तिनं आधी गाठोडं मागे टाकलं, मग विचारलं, "धारणीले चालली का बाई?" माझ्या आधीच्या गाडीला तिनं कधी थांबवलं नसतं. बंद काचेच्या गाडीकडे काही मागायचं नसतं, हे इथल्या माणसांना पक्कं माहीत आहे. वाटेत आणखी दोघं बसली. मिस्त्रींचं म्हणणं खरं ठरलं. मागे वजन येताच पाटे बसले, उसळणं थांबलं, वळणावर मागची चाकं रस्त्याला चिकटून चालू लागली. ही गाडी भरल्यावरच खुलते.

मला हे महत्त्वाचं वाटतं. धारणी तालुक्यात वाहन ही आजही आधी गरज आहे. बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे रुग्णसेवेसाठी आले तेव्हा तिथवर चालतच जावं लागे. पुढे त्यांना आणि डॉ. स्मिता कोल्हेंना २०१९मध्ये पद्मश्री मिळाली, रस्तेही झाले. पण आतल्या गावांमधून बाजाराला, दवाखान्याला येणारी माणसं अजून मैलोगणती चालतात. अशा ठिकाणी आनंदासाठी गाडी घेणं चुकीचं आहे असं मी मानत नाही. आनंदही माणसाला लागतो. पण मागची जागा रिकामी ठेवून या रस्त्यानं जायला मला जमणार नाही.

धारणीत चौकात गाडी लावली तेव्हा मानेवर, कानात, पापण्यांत माती होती आणि हात अजून थरथरत असल्यासारखे वाटत होते. चहावाल्यानं किंमत विचारली, एकानं मायलेज विचारलं. शहरात बाराच्या पुढे जात नाही म्हटल्यावर त्यानं मान हलवली. बसस्टँडकडून आलेल्या एका गुरुजींनी मात्र वेगळंच विचारलं, "पावसाचं काय करता?"

तेच आता काम आहे. डाव्या बाजूची शिवण उसवली आहे, मागच्या खिडकीचं प्लास्टिक पिवळं पडून तडकलंय. मेळघाटातला पाऊस अमरावतीसारखा नसतो, इथे तो दिवसचे दिवस थांबत नाही. अकोटला ताडपत्री शिवणारे एक काका आहेत, त्यांनी जाड कॅनव्हास दाखवला आणि दुहेरी शिवण घालून देतो म्हणाले. मृगाच्या आधी टप तयार हवा, एवढंच मी त्यांना सांगितलं आहे. तोवर गाडी उघडीच फिरेल.